पोपटीचा जीव शेंगेत

भातकापणी उरकली की कर्जत-खालापूरच्या शेतांत जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल होतो. थंडीत शेंगा भरल्या की पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगांचा बेत, लागते. हल्ली तिचं कौतुक होतं ते मडक्यातल्या कोंबडीसाठी. माझ्या मते मात्र पोपटीचा जीव शेंगेत आहे.

मडकं भरण्यातच सगळी कला. तळाला भांबुर्ड्याचा पाला दाबून बसवायचा. त्यावर अख्ख्या शेंगा, खडेमीठ, ओवा. मध्ये केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी, अंडी, बटाटे, पुन्हा शेंगा आणि तोंडाशी पाल्याचा घट्ट बोळा. पाणी नाही, तेल नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा, काटक्या, पालापाचोळा रचून पेटवायचा. आत कोंडते ती शेंगांच्या नि पाल्याच्या अंगच्या पाण्याची वाफ. एरवी ज्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही, त्या भांबुर्ड्याचा उग्र, कापरासारखा वास तिच्यासोबत दाण्यादाण्यात मुरतो. मडक्यावर शिंपडलेलं पाणी चर्रकन उडालं की जाळ बाजूला ओढायचा.

बीजिंगचं भाजलेलं बदक इथे आठवतं. तिथे कातडीखाली हवा भरतात, वरून उकळतं पाणी ओततात, माल्टचा पाक लावून बदक वाळवतात. 1864 साली सुरू झालेल्या च्वानजुद या उपाहारगृहात ते फळझाडांच्या लाकडाच्या जाळासमोर टांगून भाजतात. त्याहून जुनी रीत बंद भट्टीची: आधी भिंती तापवायच्या, मग जाळ विझवून नुसत्या त्या धगीवर बदक भाजायचं. पोपटीचं नातं या रीतीशी. दोन्हीकडे ज्वाळा पक्ष्याला शिवत नाही. पण तिथली सारी मेहनत कुरकुरीत कातडीसाठी. पातळ पोळीत कांद्याची पात आणि गोडसर सॉससोबत गुंडाळायचा काप कातडीसकट हवा. तिथला आचारी ओलावा घालवतो, पोपटी लावणारा तो राखतो. म्हणून पोपटीतली कोंबडी मऊसूत, रसाळ. कुरकुरीतपणा तिच्याकडे मागूच नये.

पोपटी ओतली की हात आधी कोंबडीकडे जातात. त्या गडबडीत एक गरम शेंग उचलावी. साल सुरकुतलेली, कुठे करपल्याचा डाग. चिमटीत दाबली की दाणा सुटतो: पिठूळ, गोड, सालीतून उतरलेल्या मिठाचा, आणि मागून हळूच ओवा. काही फार्महाऊसवर कोंबडीला तंदुरी मसाला थापतात. तो शेंगांवर उतरतो आणि भांबुर्डा मरतो. कोंबडीला मीठ, हळद, आलं-लसूण, हिरवी मिरची एवढं पुरे.