वाक्य, प्रस्ताव आणि प्रक्षोभ : जॉन लेननच्या एका उद्गाराचा अर्थविचार

लोकप्रिय कलावंताने धर्माविषयी काही उद्गार काढावे आणि त्यावरून समाजात प्रक्षोभ उसळावा, असा प्रसंग घडला की चर्चा बहुधा दोन पक्षांत विभागली जाते. श्रद्धावंतांच्या भावना दुखावल्या, असे एक पक्ष म्हणतो. उद्गार संदर्भापासून तोडला गेला, असे दुसरा म्हणतो. पहिल्याची दृष्टी परिणामावर असते, दुसऱ्याची हेतूवर. ज्या वाक्यावरून हे सारे घडले ते वाक्य नीट वाचण्याचे कष्ट मात्र दोहोंपैकी कोणी फारसे घेत नाही. वाङ्मयाच्या अभ्यासकाला या वादात काही अधिकार असेल तर तो एवढ्यापुरताच आहे. ‘बीटल्स’ या इंग्लिश गायक-वादक चौकडीतील जॉन लेनन याच्या १९६६ मधील प्रसिद्ध उद्गाराचा विचार येथे या मर्यादित दृष्टीने करावयाचा आहे.

प्रथम वस्तुस्थिती. लंडनच्या ‘इव्हनिंग स्टँडर्ड’ या दैनिकात ४ मार्च १९६६ रोजी मॉरीन क्लीव्ह या लेखिकेने लेननचे एक व्यक्तिचित्र प्रसिद्ध केले. त्यात लेननचे काही उद्गार आले. ख्रिस्ती धर्म आटत जाऊन नाहीसा होईल, आज आपण येशूपेक्षा अधिक लोकप्रिय आहोत, रॉक-अँड-रोल आणि ख्रिस्ती धर्म यांपैकी आधी कोण जाईल हे आपणास ठाऊक नाही, येशू ठीक होता परंतु त्याचे शिष्य जड बुद्धीचे व सामान्य होते आणि त्यांनी केलेला विपर्यास आपणास रुचत नाही, असा त्यांचा आशय होता. इंग्लंडमध्ये या मजकुरावर उल्लेखनीय अशी प्रतिक्रिया उमटली नाही. ३ जुलै रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या रविवार-पुरवणीत क्लीव्हचे बीटल्सविषयक लेखन एकत्रित स्वरूपात आले; तेव्हाही अमेरिका शांत राहिली. जुलैअखेर ‘डेटबुक’ या किशोरवयीन वाचकांच्या अमेरिकन मासिकाने तोच मजकूर छापला, त्यातील एक वाक्य मुखपृष्ठावर घेतले, आणि अलाबामातील बर्मिंगहॅम शहराच्या एका नभोवाणी केंद्राने बीटल्सच्या ध्वनिमुद्रिकांवर बहिष्कार पुकारला. पाहता पाहता इतर अनेक केंद्रे त्यात सामील झाली. ठिकठिकाणी ध्वनिमुद्रिकांच्या होळ्या पेटल्या. दक्षिण आफ्रिकेच्या नभोवाणीनेही बीटल्सचे संगीत बंद केले.

हा घटनाक्रम पाहिला म्हणजे एक प्रचलित स्पष्टीकरण अपुरे ठरते. इंग्लंड सहिष्णु आणि अमेरिका कर्मठ, म्हणून एकीकडे शांतता आणि दुसरीकडे क्षोभ, असे सांगितले जाते. त्यात तथ्य नाही असे नव्हे. इंग्लंडात चर्चमधील उपस्थिती ओसरत चालली होती, आणि जॉन रॉबिन्सन या अँग्लिकन बिशपानेच १९६३ मध्ये ईश्वरकल्पनेची रूढ चौकट प्रश्नांकित करणारा ग्रंथ लिहिला होता. परंतु ‘टाइम’ या अमेरिकन साप्ताहिकानेही एप्रिल १९६६ मध्ये ईश्वर मृत झाला आहे काय, असा प्रश्न आपल्या मुखपृष्ठावर छापला होता. शिवाय लेननचे उद्गार जुलैच्या आरंभी अमेरिकेत पोहोचलेलेच होते. देश तोच, शब्द तेच; तरी एका महिन्यात त्यांचा अर्थ पालटला. हा पालट कशामुळे झाला?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्या साहित्यशास्त्राचे एक जुने साधन उपयोगी पडते. आर्थी व्यंजनेचे विवेचन करताना मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त वक्ता, बोद्धव्य, काकू, वाक्य, वाच्य, अन्यसंनिधी, प्रस्ताव, देश, काल आदींच्या वैशिष्ट्यामुळे वाच्यार्थापलीकडचा अर्थ प्रतीत होतो, असे म्हटले आहे. यांपैकी देशकालांचा विचार वर झालाच. निर्णायक ठरले ते प्रस्ताव, बोद्धव्य, काकू आणि अन्यसंनिधी हे घटक.

क्लीव्हच्या लेखात हा उद्गार कोठे येतो ते पाहावे. लेननच्या वेब्रिज येथील घराचे ते वर्णन आहे. चेस्टर येथे विकत घेतलेले भलेमोठे बायबल, वेदीवर ठेवावयाचा मोठा क्रूस, गोरिलाचा पोशाख अशा विजोड वस्तूंनी ते घर भरलेले आहे. त्यांच्यामध्ये वावरणारा पंचवीस वर्षांचा हा तरुण वैभवाने सुखावलेला असण्यापेक्षा कंटाळलेलाच अधिक दिसतो. तो धर्मविषयक पुष्कळ वाचन करीत आहे, हे लेखिका स्पष्टपणे नोंदविते. या प्रस्तावात लोकप्रियतेचा उल्लेख बढाईचा राहत नाही. ज्याला लोकप्रियता मिळाली आहे आणि तिचे काय करावे हे कळत नाही, अशा माणसाचे ते विस्मययुक्त निदान वाटते. बोद्धव्य म्हणजे ज्याला उद्देशून बोलले जाते ती व्यक्ती. येथे ती परिचयाची लेखिका आहे. काकू म्हणजे स्वराची विशिष्ट वळणे. ती छापील अक्षरांत उतरत नाहीत, परंतु भोवतालच्या वर्णनातून कुशल वाचकाला ती ऐकू येतात. मुखपृष्ठावर घेतलेल्या वाक्याभोवती असे वर्णन उरतच नाही. आणि अन्यसंनिधी? बोलताना जवळ असलेल्या तिसऱ्या व्यक्तीमुळे अर्थ बदलतो, असे शास्त्र सांगते. येथे ही तिसरी व्यक्ती पाच महिन्यांनी आली, वक्त्याच्या नकळत आली, आणि ती एक नव्हती, लक्षावधी होती.

‘डेटबुक’च्या मुखपृष्ठावर जे वाक्य होते ते येशूपेक्षा लोकप्रिय असल्याचे नव्हतेच. रॉक-अँड-रोल आणि ख्रिस्ती धर्म यांपैकी आधी कोण जाईल, याविषयीच्या अनिश्चिततेचे ते वाक्य होते. बारकाईने वाचल्यास ते वक्त्याच्या स्वतःच्या कलेलाही नश्वर ठरविते. गर्वोक्ती करणारा माणूस आपल्या वैभवाचा अंत गृहीत धरून बोलत नाही. म्हणजे ज्या वाक्याने वाद पेटविला त्यातच बढाईच्या आरोपाचे उत्तर होते. त्याच मुखपृष्ठावर पॉल मॅकार्टनीचे एक वाक्यही होते. कृष्णवर्णीयांना अमेरिकेत मिळणाऱ्या वागणुकीचा त्यात तीव्र निषेध होता. १९६३ मध्ये ज्या बर्मिंगहॅममध्ये चर्चमध्ये बाँबस्फोट घडवून चार कृष्णवर्णीय मुलींचा बळी घेतला गेला, त्याच शहरातून निघालेल्या बहिष्काराच्या हाकेत या दुसऱ्या वाक्याला स्थान नव्हते. वर्णद्वेष हेच क्षोभाचे गुप्त कारण होते, असा निष्कर्ष यावरून काढणे धाडसाचे होईल. परंतु कोणत्या वाक्याने दुखावले जावयाचे याचीही निवड होत असते, एवढे तरी त्यावरून दिसते.

येथवरचे विवेचन लेननच्या बचावासारखे वाटेल. तसा त्याचा रोख नाही. व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन याने न्यूयॉर्कला जाऊन उद्गार संदर्भापासून तोडल्याचे सांगितले. ते अर्धेच खरे होते. संदर्भ परत जोडल्याने स्वर बदलतो, विधान नाहीसे होत नाही. धर्म लयास जाणार हे भाकीत आणि शिष्यांविषयीचा अनादर हे दोन्ही संपूर्ण मजकुरात शिल्लक राहतातच. ते वाचून श्रद्धाळू वाचक व्यथित झाला तर त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. त्या व्यथेला योग्य उत्तर होते ते प्रतिवादाचे, आणि काही अमेरिकन धर्मोपदेशकांनी तसा विचार केलाही. हा उद्गार आपल्याच मंडळींच्या उदासीनतेवर बोट ठेवतो, असे त्यांनी मान्य केले.

होळ्या पेटविणाऱ्यांची भूमिका मात्र तर्कदृष्ट्या विचित्र होती. लेननने लोकप्रियतेविषयी विधान केले होते, योग्यतेविषयी नव्हे. लोकप्रियता हे मूल्याचे माप नाही, असे उत्तर ख्रिस्ती श्रद्धेला सहज देता आले असते; क्रुसावर एकाकी मरणाऱ्याच्या धर्माला ते शोभलेही असते. त्याऐवजी श्रोत्यांचा कौल घेण्यात आला, गर्दी जमविण्यात आली, ध्वनिमुद्रिकांचे ढीग रचण्यात आले. म्हणजे येशूचा मोठेपणा सिद्ध करण्यासाठी लोकप्रियतेचेच माप स्वीकारले गेले. लेननचे निदान ज्यांना असह्य झाले त्यांनीच आपल्या कृतीने त्याला पुरावा पुरविला.

११ ऑगस्ट १९६६ रोजी शिकागो येथील पत्रकार परिषदेत लेननने दिलगिरी व्यक्त केली. बीटल्सऐवजी दूरचित्रवाणीचे नाव घेतले असते तर आपण कदाचित सुटलो असतो, असेही तो तेथे म्हणाला. या विनोदात मर्म आहे: आपले वाक्य तुलनेचे होते आणि ऐकणाऱ्यांनी ते स्पर्धेचे मानले, हे त्याच्या ध्यानात आले होते. दौरा पुढे चालला, १९ ऑगस्टला मेंफिस येथे भर कार्यक्रमात फटाका फेकला गेला, आणि २९ ऑगस्टच्या सॅन फ्रान्सिस्को येथील कार्यक्रमानंतर बीटल्सनी जाहीर दौरे कायमचे थांबविले. या निर्णयाची इतरही कारणे होती. परंतु त्या महिन्यातील भीतीचा त्यात वाटा नव्हता असे म्हणता येणार नाही.

२००८ मध्ये व्हॅटिकनच्या ‘लोसर्व्हातोरे रोमानो’ या वृत्तपत्राने हा उद्गार म्हणजे अनपेक्षित यशाने गोंधळलेल्या एका कामगारवर्गीय तरुणाची फुशारकी होती, असे म्हणून त्यावर पडदा टाकला. हे औदार्य स्वागतार्ह खरे. पण बेचाळीस वर्षांनी क्षमा करणाऱ्यानेही जे वाचले ते बढाईचेच वाक्य होते. मूळ लेखातील साशंक, थकलेला स्वर त्याच्याही कानी पडला नाही. क्रोध आणि क्षमा या दोन्ही वृत्ती चुकीच्या वाचनावर सारख्याच सुखाने उभ्या राहू शकतात. वाक्य दोषी की निर्दोष हे ठरविण्यापूर्वी ते कोणी, कोणाला, कोणत्या प्रस्तावात आणि कोणत्या स्वरात म्हटले हे विचारणे, हा म्हणूनच केवळ काव्यशास्त्राचा नियम उरत नाही; समाजाच्या न्यायबुद्धीचीही ती पहिली अट ठरते.