निवडीची खात्री आणि संहितेची अनिश्चितता

ईश्वराचे सार्वभौमत्व निरपवाद मानले, की माणसाचे तारण त्याच्या कर्मावर अवलंबून राहत नाही. ते ईश्वरी निवडीवर अवलंबून राहते. कॅल्विनप्रणीत परंपरेतील या सिद्धांताची मांडणी स्कॉटलंडच्या चर्चने १६४७ साली स्वीकारलेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासघोषणेत आढळते. तथापि ईश्वर पापाचा कर्ता नव्हे आणि निवडीची खात्री आज्ञापालनाशी निगडित आहे, असे दोन निर्बंधही तिने घातले आहेत.

जेम्स हॉगची १८२४ साली निनावी प्रसिद्ध झालेली ‘द प्रायव्हेट मेम्वार्स अँड कन्फेशन्स ऑफ अ जस्टिफाइड सिनर’ ही कादंबरी दुसरा निर्बंध गळून पडल्यावर काय घडते, याचा शोध घेते. आपण ‘निवडलेले’ आहोत, हे रॉबर्टला आपल्या आचरणातून उमगत नाही. पालक-पिता असलेला धर्मोपदेशक ते जाहीर करतो. त्याच दिवशी त्याला गिल-मार्टिन भेटतो. निवड अढळ असेल, तर कोणतेही कृत्य ती रद्द करू शकणार नाही, या तर्काच्या आधारे रॉबर्ट आधी एका धर्मोपदेशकाच्या आणि पुढे भावाच्या हत्येपर्यंत पोहोचतो.

या कादंबरीकडे केवळ कॅल्विनवादावरील उपरोध म्हणून पाहणे अपुरे आहे. रॉबर्टचा नोकर स्क्रेप त्याला एक लोककथा सांगतो. तीत सैतान धर्मोपदेशक होऊन गावाला भारून टाकतो आणि एक गावकरी त्याचा झगा उचलून दुभंगलेले खूर दाखवतो. सैतानाचे प्रवचन धर्मवचनांनीच भरलेले असते. म्हणजे वचन खरे असूनही वक्ता खोटा असू शकतो. येथे प्रश्न सिद्धांताच्या सत्यतेइतकाच तो उच्चारणाऱ्याच्या अधिकाराचाही आहे.

हाच प्रश्न कादंबरीच्या रचनेत उतरला आहे. त्याच घटना आधी संपादक सांगतो, नंतर रॉबर्ट. गिल-मार्टिन सैतान की रॉबर्टच्या मनाची निर्मिती, याचा निर्णय लागत नाही. विवेकवादी संपादकही अखेरीस आपल्याला ही आत्मकथा उमगली नसल्याची कबुली देतो. पात्र म्हणून अवतरणारा हॉग तर मेंढरांच्या व्यवहारात गुंतलेला असल्याने त्याला साहाय्यच नाकारतो.

सर्वज्ञ निवेदकाला दिलेला हा नकार केवळ तंत्राचा भाग नव्हे. ईश्वराचा गुप्त संकल्प आपल्याला वाचता येतो, हा रॉबर्टचा दावा, तर दुसऱ्याचे अंतःकरण आपल्याला वाचता येते, हा संपादकाचा. हॉग दोघांनाही तो अधिकार देत नाही. वाचकालाही देत नाही. रॉबर्टचा निवाडा करण्यास उत्सुक असलेला वाचक स्वतःला नकळत ‘निवडलेल्यां’च्या आसनावर बसवत असतो. उपरोधाची धार तेथे त्याच्याकडेच वळते.