शब्दाविना स्वर : इटालियन चित्रपटसंगीताच्या आकर्षणाची मीमांसा

जुन्या इटालियन चित्रपटांपैकी अनेकांचे आयुष्य केव्हाच संपले. त्यांचे संगीत मात्र संपले नाही. लुइजी स्कात्तिनी याचा ‘स्वेत्सिया, इन्फेर्नो ए पारादीसो’ (१९६८) हा स्वीडनमधील स्वैर जीवनाचे भडक दर्शन घडविणारा पट आज क्वचितच कोणी पाहत असेल. परंतु त्याकरिता पिएरो उमिलियानी (१९२६–२००१) याने रचलेली ‘मा ना मा ना’ ही छोटीशी चीज १९६९ मध्ये ‘सेसमी स्ट्रीट’ या अमेरिकन बालकार्यक्रमात गेली, १९७६ मध्ये ‘मपेट शो’मधील बाहुल्यांच्या तोंडी आली आणि तेथून जगभर पसरली. उमिलियानीचीच ‘क्रेपुस्कोलो सुल मारे’ ही रचना २००४ च्या ‘ओशन्स ट्वेल्व्ह’ या चित्रपटात ऐकू येते. १९९० नंतरच्या दशकात अशा रचनांचे संग्रह निघू लागले व ‘लाउंज संगीत’, म्हणजे निवांत बैठकीत मंदपणे चालू ठेवावयाचे संगीत, या नावाखाली त्यांना नवा श्रोतृवर्ग लाभला.

या आकर्षणाचे कारण गतकालाची ओढ हे होय, असे सामान्यतः सांगण्यात येते. हे कारण अपुरे आहे. ज्यांनी तो काळ पाहिला नाही आणि ते चित्रपटही पाहिले नाहीत, अशा श्रोत्यांनाच या संगीताने विशेष वेधले आहे. ओढ वाटावयास स्मृती लागते. येथे ती नाही. तेव्हा या संगीताच्या घडणीतच काही विशेष असला पाहिजे. तो विशेष मुख्यतः मानवी आवाजाच्या उपयोगात आढळतो. या संगीतात माणूस गातो, परंतु बोलत नाही.

अर्थहीन अक्षरे गाण्याची प्रथा नवी नव्हे. सामगानात ऋचेच्या शब्दांमध्ये घातल्या जाणाऱ्या निरर्थक अक्षरांना ‘स्तोभ’ अशी संज्ञा आहे. तीच येथे सोयीची ठरेल. भेद इतकाच की, सामात स्तोभ हा ऋचेच्या आश्रयाने राहतो, तर या रचनांत ऋचाच नाही. स्तोभाने सर्व जागा व्यापली आहे.

असे का घडले, याचे एक कारण त्या चित्रपटसृष्टीच्या भाषाव्यवहारात सापडते. इटलीत त्या काळी चित्रीकरणाच्या वेळचा ध्वनी अंतिम पटात न ठेवता संवाद मागाहून मुद्रणगृहात भरण्याची पद्धत सर्रास होती. अनेक चित्रपट दोन-तीन देशांच्या भागीदारीत निघत. सेर्जिओ लेओने याचा ‘पेर उन पुन्यो दि दोल्लारी’ (१९६४) हा इटली, स्पेन व पश्चिम जर्मनी यांच्या भागीदारीतील चित्रपट होता. त्यात क्लिंट ईस्टवुड इंग्रजीतून बोले, तर जान मारिया व्होलोन्ते इटालियनमधून. आणि प्रत्येक देशातील प्रेक्षक मात्र सर्वांना आपल्याच भाषेत बोलताना ऐके. अशा पटात पडद्यावरील मुखातून निघणारा शब्द त्या मुखाचाच असेल याची शाश्वती नसते. भाषा बदलली की आवाजही बदलतो. याच चित्रपटात एन्निओ मोरिकोने (१९२८–२०२०) याने आलेस्सांद्रो आलेस्सांद्रोनी (१९२५–२०१७) याची शीळ योजिली. शिळेला भाषांतर नको असते. सर्व देशांच्या सीमा जसाच्या तसा ओलांडणारा मानवी ध्वनी तोच.

आलेस्सांद्रोनीच्या ‘इ कान्तोरी मोदेर्नी’ या वृंदात गाणारी एद्दा देल्लोर्सो (जन्म १९३५) हिच्या आवाजात या तत्त्वाचा पूर्ण विकास दिसतो. ‘चेरा उना व्होल्ता इल वेस्ट’ (१९६८) या लेओनेच्या चित्रपटातील जिल ही नायिका क्लाउदिया कार्दिनाले हिने साकारली. तथापि इंग्रजी आवृत्तीत जिलचे संवाद दुसऱ्याच स्त्रीच्या आवाजात आहेत. पट कोणत्या भाषेत पाहावा त्याप्रमाणे जिलचा बोलण्याचा आवाज पालटतो. मात्र तिच्या सूत्रधुनेत ऐकू येणारा देल्लोर्सोचा स्वर सर्व आवृत्तींत एकच आहे. या अर्थाने, जिलचा स्थिर असा आवाज कोणता असेल तर तो हा निःशब्द आवाजच होय.

या स्वराचे सामर्थ्य स्थानकाच्या प्रसंगात प्रत्ययास येते. जिल गाडीतून उतरते. तिला न्यावयास कोणी आलेले नाही. ज्याच्यासाठी ती आली त्याची हत्या झाली आहे, हे प्रेक्षकास ठाऊक आहे, तिला नाही. ती स्थानकाच्या इमारतीतून पलीकडे जाते, कॅमेरा छपरावरून वर चढतो व नवे गाव दृष्टीस पडते. येथे शब्द असते तर ते आशेचे तरी असते किंवा शोकाचे तरी. आशेचे शब्द प्रेक्षकास खोटे वाटले असते, शोकाचे शब्द जिलच्या अज्ञानाशी विसंगत ठरले असते. दीर्घ, विवृत स्वरांचा तो आलाप मात्र दोन्ही एकाच वेळी धारण करू शकतो. अर्थाचा अभाव ही येथे उणीव नसून निश्चित अर्थाच्या बंधनातून झालेली सुटका आहे.

‘मा ना मा ना’ हा याच तत्त्वाचा विनोदी आविष्कार. त्यातील ध्वनी पाहावेत : म् आणि न् ही अनुनासिके व आ हा विवृत स्वर. ओष्ठ्य व्यंजन आणि विवृत स्वर यांच्या विरोधापासून बालकाच्या ध्वनिव्यवस्थेस आरंभ होतो, असे रोमान याकोबसन याने १९४१ मध्ये प्रतिपादिले. त्या दृष्टीने ही रचना भाषेच्या उंबरठ्यावरच थांबते. परंतु तिची मांडणी प्रौढांच्या संभाषणाची आहे. एक पुरुषस्वर काही म्हणतो, स्त्रीस्वर प्रत्युत्तर देतात, तो पुन्हा म्हणतो, भलतीकडे वाहवत जातो आणि परत येतो. पाळी आहे, आग्रह आहे, संमती आहे; विषय तेवढा नाही. याकोबसनने १९६० मध्ये भाषेची जी सहा कार्ये सांगितली, त्यांपैकी आशय कळविण्याचे कार्य येथे लोपले आहे; बोलणाऱ्याचा भाव प्रकट करण्याचे आणि परस्परसंपर्क टिकविण्याचे, ही दोन कार्ये मात्र शाबूत आहेत. श्रोत्यास सोबत मिळते. काही समजून घेण्याचे ओझे पडत नाही. लाउंज म्हणून या संगीताचा जो उपयोग झाला त्याचे मर्म यातच आहे.

उलट उदाहरण ‘मोंदो काने’ (१९६२) या पटाचे. त्यातील रीत्स ओर्तोलानी व नीनो ओलिव्हिएरो यांच्या धुनेला मागाहून शब्द जोडण्यात आले. ‘मोर’ या नावाने ते इंग्रजी गीत गाजले, त्यास ऑस्करचे नामांकनही लाभले. पण शब्द लाभताच ती धून एका निश्चित आशयाचे प्रेमगीत झाली आणि त्या आशयाबाहेर जाण्याची तिची मोकळीक गेली.

तथापि या सुटकेची दुसरी बाजूही नजरेआड करता येत नाही. त्या काळच्या पुष्कळ पटांत निःशब्द स्त्रीस्वर हा स्त्रीदेहाच्या चित्रणाचा सोबती म्हणून योजलेला आहे. तेथे आलापाचा उसासा होतो आणि स्त्रीला आवाज मिळतो तो वाणी काढून घेऊन. जिलच्या बाबतीत निःशब्दता मनाची खोली दाखविते. अन्यत्र तीच पात्राला मन असण्याची गरज टाळते. ध्वनिमुद्रिकांच्या संग्रहात चित्र गळून पडते आणि त्याबरोबर हा भेदही पुसला जातो; दोन्ही स्वर सारखेच सुखद वाटतात. दिवाणखान्यातील श्रोता ज्या गोडव्यावर लुब्ध होतो, त्यात हे विस्मरणही मिसळलेले आहे.

म्हणून या संगीताचे मूल्यमापन सरसकट करणे योग्य नव्हे. प्रत्येक रचनेबाबत एक प्रश्न विचारणे प्राप्त आहे : येथे शब्द अपुरा पडला म्हणून गळला, की बोलणाऱ्या व्यक्तीची पर्वाच नव्हती म्हणून गाळला? पहिल्या वर्गातील रचना थोड्या असतील, परंतु हे संगीत टिकले आहे ते त्यांच्या बळावर. आणि त्यांच्या श्रेयात स्वरलिपी लिहिणाऱ्या संगीतकाराइतकाच, ज्यांना उच्चारावयास एकही शब्द दिला गेला नाही अशा गायकगायिकांचा वाटा आहे.