एका चौदापानी ग्रंथाचे रसग्रहण

टीकाकार पुस्तक न वाचताच त्यावर लिहितात, असा एक प्रवाद आहे. मी ज्या ग्रंथावर लिहिणार आहे तो मात्र मी अकरा वेळा वाचला आहे. तोही जमिनीवर बसून, कारण वायर टेबलापर्यंत पोचत नव्हती. पाने चौदा. विषय : घरबसल्या कचेरीच्या नेटवर्कमध्ये सुरक्षितपणे कसे शिरावे. लेखक अज्ञात. (शहाणा असावा.)

मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या. मी डोंबिवलीत अडकलो आणि पगारपत्रक फोर्टातल्या कचेरीत अडकले. महिनाअखेर तोंडावर. पगार चुकला तर कोण काय बोलेल ते मला पाठ होते. साहेब निदान इंग्रजीत बोलतात. अशा आणीबाणीत हा ग्रंथ हाती आला.

प्रथम आशय. व्हीपीएन ही कल्पना मुळात रसाळ आहे. तुमचा मजकूर कुलूपबंद पेटीत घालून भर रस्त्यानेच न्यायचा. बघ्यांना पेटी दिसते, ऐवज दिसत नाही, आणि किल्ली फक्त दोन्ही टोकांना. लेखक हे सांगतच नाही. पहिल्या पानापासून तो आज्ञा सोडतो : हे दाबा, ते भरा, पुढे चला. ‘का?’ हा शब्द चौदा पानांत एकदाही नाही. आमचे ड्रिल मास्तरसुद्धा अधूनमधून ‘विश्राम’ म्हणत.

वास्तवाची जाणही बेताचीच. सहाव्या पानावर मोबाइलमध्ये सहा आकडी कोड उमटतो आणि दर तीस सेकंदांनी बदलतो. हा कोड मोबाइलच्या घड्याळावरून ठरतो, हे लेखकाने गुपित ठेवले आहे. आमच्या घरात सगळी घड्याळे पाच मिनिटे पुढे असतात. लोकल गाठणाऱ्या घराण्याची ती परंपराच आहे. मोबाइलही तिला अपवाद नाही. त्यामुळे मी इमानाने पाच मिनिटांनंतरचे कोड टाकत होतो. कोड बरोबर होता हो, जग मागे होते!

नवव्या पानावर ‘आता आपण कचेरीत आहात’ असे वाक्य येते. ते निव्वळ काल्पनिक आहे. कचेरीतल्या नेटवर्कचे आकडे १९२.१६८.१ ने सुरू होतात, आणि घरच्या राऊटरचेही नेमके तेच. दोन गावांत एकाच नावाची गल्ली असली की पोस्टमन जवळची धरणार! मी पगाराच्या सर्व्हरला हाक मारायचो, आणि कॉम्प्युटर ती चिरंजीवांच्या मोबाइलला नेऊन द्यायचा. पगाराच्या बाबतीत हे नवीन नव्हते म्हणा. शेवटी राऊटरमध्ये शिरून घरचे आकडे बदलले, तेव्हा गल्ल्या वेगळ्या झाल्या.

पण माझा खरा आक्षेप अकराव्या पानाला आहे. तिथे पडद्यावर लाल इशारा येतो : समोरच्या सर्व्हरची ओळख पटत नाही. खाली लेखकाची टीप : ‘दुर्लक्ष करून पुढे जा.’ मी कॉम्प्युटर विभागात फोन लावला. तिथला मुलगा म्हणाला, “सर, ते सगळ्यांनाच येतं. इग्नोर करा.”

ही मागे भाजी निवडत होती. म्हणाली, “अहो, दारावर कोण आहे ते विचारायचं, उत्तर पटलं नाही तरी दार उघडायचं, मग विचारायचं कशाला?”

मराठी समीक्षेत इतके नेमके वाक्य मी फार दिवसांत वाचले नाही. त्या पत्रकात साऱ्या कचेरीचे पगार आणि बँकेचे खाते क्रमांक होते. मधे कुणी तोतया सर्व्हर मांडून बसला असता, तर कुलूपबंद पेटी मी स्वहस्ते त्याच्याच मांडीवर ठेवली असती, वर पासवर्डची किल्लीही दिली असती. ज्या ग्रंथाचे नाव ‘सुरक्षित’, त्याने वाचकाला पहारेकऱ्याकडे काणाडोळा करायला शिकवावे?

मी अडून बसलो. मुलाने कुरकुरत तपासले. तोतया कुणी नव्हता. सर्व्हरच्या प्रमाणपत्राची मुदत संपली होती, एवढेच. पण सगळे आज्ञाधारकपणे दुर्लक्ष करत असल्याने ते कुणाच्या लक्षात आले नव्हते. म्हणजे खरोखरच तोतया आला असता, तरी तोही कुणाच्या लक्षात आला नसता. संध्याकाळपर्यंत नवे प्रमाणपत्र बसले. पगार वेळेवर झाले.

ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली आहे. अकराव्या पानावर आता ‘थांबा आणि फोन करा’ असे छापले आहे.

खाली नंबर माझा आहे.