संततधार: एका शोधनिबंधाचे वाचन

कवितेतला एकेक शब्द आपण तोलून पाहतो. वैद्यकातल्या शोधनिबंधाचा निष्कर्ष मात्र कोर्टाच्या निकालासारखा स्वीकारतो. 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात जून 2024 मध्ये आलेला 'ब्लिंग 3' चाचणीचा निबंध वाचताना ही सवय मला फार खटकली.

निबंधाचा प्रश्न सरळ आहे. अतिदक्षता विभागातल्या सेप्सिसच्या रुग्णाला पायपेरासिलिन-टॅझोबॅक्टम किंवा मेरोपेनेम ही प्रतिजैविके शिरेतून देताना दर काही तासांनी अर्ध्या तासात द्यावीत, की दिवसाची तेवढीच मात्रा पंपाने चोवीस तास सोडत राहावी? पेनिसिलिनच्या कुळातली औषधे किती उंच पातळी गाठतात यापेक्षा ती पुरेशा पातळीवर किती वेळ टिकतात याला महत्त्व असते, हे हॅरी ईगल यांच्या प्रयोगांतून 1950 च्या सुमारासच पुढे आले होते. मूत्रपिंडे धड असली तर ही औषधे साधारण तासाभरात निम्मी होतात. म्हणून घागर उपडी करण्यापेक्षा अभिषेकपात्राची संततधार बरी, असा हा तर्क.

सात देशांतल्या 104 अतिदक्षता विभागांत तो तपासला गेला. विश्लेषणात 7,031 रुग्ण होते. नव्वद दिवसांत संततधारेच्या गटात 24.9 टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्या गटात 26.8 टक्के. निष्कर्षाचे पहिले वाक्य सांगते, की हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. पी-मूल्य 0.08 आले, संकेताने ठरलेली रेघ 0.05 ची.

पण निष्कर्षाला दुसरेही वाक्य आहे: मिळालेल्या आकड्यांत काहीच फायदा नसण्याची शक्यता बसते, तशीच मोलाच्या फायद्याचीही. माझ्या मते निबंधाचा प्रामाणिकपणा या वाक्यात आहे, आणि घाईचा वाचक नेमके हेच गाळतो. 1.9 टक्क्यांचा फरक खरा असेल, तर साधारण 53 रुग्णांमागे एक जीव वाचतो. 'सिद्ध झाले नाही' आणि 'उपयोग नाही' यांतले अंतर एवढे महाग आहे.

उलट बाजूची घाईही तपासायला हवी. संततधारेच्या गटात बरे होण्याचे प्रमाण 55.7 टक्के, दुसऱ्यात 50 टक्के. हा आकडा मोहात पाडतो. पण कोणाला कोणती पद्धत चालू आहे हे डॉक्टरांना ठाऊक होते, आणि 'बरा झाला' हे औषध थांबवण्याच्या त्यांच्याच निर्णयाशी बांधलेले होते. मृत्यूची नोंद अशी मतावर अवलंबून नसते.

त्याच वेळी 'जामा'त 18 चाचण्यांचे एकत्रित विश्लेषणही आले. त्यात संथपणे औषध देण्याने मृत्यू कमी होतात, याची संभाव्यता 99.1 टक्के निघाली. मात्र त्यातल्या 9,108 रुग्णांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक 'ब्लिंग 3'चेच. त्यामुळे हा दुसरा, स्वतंत्र साक्षीदार म्हणता येत नाही. शिवाय ही संभाव्यता फायदा असण्याची आहे. तो केवढा, हे ती सांगत नाही. त्याआधी 2023 मध्ये 607 रुग्णांवरच्या 'मर्सी' चाचणीत मेरोपेनेम कसेही दिले तरी नव्वद दिवसांतले मृत्यू दोन्हीकडे 42 टक्केच होते.

हे सारे तोलून माझा कौल संततधारेकडे झुकतो, पण दोन अटींवर. पहिली अशी, की 'संथ' या शब्दाने फसू नये. 'ब्लिंग 3'मध्ये दोन्ही गटांना सुरुवातीची मात्रा लवकरच दिली होती. ती वगळून नुसती धार लावली, तर पातळी गाठण्यातच मोलाचे तास जातील. दुसरी अट आपल्या हवेची. त्या सात देशांत भारत नव्हता. पाण्यात कालवलेले मेरोपेनेम उष्णतेने लवकर निकामी होते. विदर्भातल्या मे महिन्यात एखाद्या छोट्या रुग्णालयाची वातानुकूलन यंत्रणा बंद पडली, तर चोवीस तासांची एकच पिशवी लावून चालणार नाही. ताजे द्रावण पुन्हा पुन्हा करावे लागेल. त्यासाठी पंप हवा, शिरेतली एक नळी अडकून राहणार, आणि रात्रपाळीला परिचारिका पुरेशा हव्यात. हा खर्च निबंधाच्या तक्त्यात नाही. तो आपल्यालाच मांडावा लागेल.