ओहमचा नियम आणि पाठ्यपुस्तकी उदाहरणे : एक चिकित्सा

विभवांतरास विद्युतधारेने भागले असता रोध मिळतो आणि त्या दोहोंचा गुणाकार केला असता विद्युतशक्ती मिळते, ही दोन सूत्रे शालान्त परीक्षेपासून पदवीच्या पहिल्या वर्षापर्यंत विद्यार्थ्यांच्या सोबतीस असतात. आकडेमोड इतकी सुलभ आहे की तिच्याविषयी चिकित्सेला जागा असेल असे सहसा कोणास वाटत नाही. तथापि या सुलभतेतच एक वैचारिक गफलत दडलेली आहे, आणि ती आपणच वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहोत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात आलेला एक प्रश्न सर्वपरिचित आहे. २२० व्होल्ट, १०० वॅट असे अंकन असलेला दिवा ११० व्होल्टवर चालविल्यास किती शक्ती वापरेल? अपेक्षित रीत अशी : २२० च्या वर्गास १०० ने भागून रोध ४८४ ओहम, ११० च्या वर्गास ४८४ ने भागून शक्ती २५ वॅट. गणित निर्दोष आहे. भौतिकशास्त्र मात्र सदोष आहे. दिव्यातील टंगस्टनची तार पूर्ण दाबावर सुमारे २५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते व त्या तापमानाला तिचा रोध थंड अवस्थेतील रोधाच्या दहा ते पंधरा पट असतो. बंद दिवा मल्टिमीटरने मोजल्यास ४८४ नव्हे, तर ३० ते ४० ओहमच्या आसपास आकडा दिसतो. निम्म्या दाबावर तार कमी तापते, म्हणून तिचा रोधही कमी राहतो आणि प्रत्यक्ष शक्ती चतुर्थांश न होता सुमारे एक-तृतीयांश भरते. दिवा पुष्कळदा बटन दाबण्याच्या क्षणीच का जातो, याचेही उत्तर येथेच आहे. त्या क्षणी थंड तारेतून नेहमीच्या दहापटीहून अधिक धारा वाहू शकते. एवढे रोचक भौतिकशास्त्र ज्या वस्तूत आहे, तीच वस्तू आपण ते झाकण्यासाठी निवडावी, हे नवलच म्हणावयाचे.

गफलतीचे मूळ व्याख्या आणि नियम यांच्या सरमिसळीत आहे. विभवांतर व धारा यांचे गुणोत्तर म्हणजे रोध, ही व्याख्या होय. ती कोणत्याही वाहकास, कोणत्याही क्षणी लागू करता येते. हे गुणोत्तर विभवांतर बदलले तरी स्थिर राहते, हे ओहमचे विधान आहे आणि ते प्रयोगाने खरे-खोटे ठरणारे आहे. मॅक्सवेलने १८७३ मधील आपल्या ग्रंथात नेमके हेच बजावले होते : वाहकाचे स्वरूप बदलल्याखेरीज हे गुणोत्तर बदलत नाही हे ओहमने दाखविले नसते, तर रोध या संज्ञेला शास्त्रीय मोल उरले नसते. आपण मात्र व्याख्येचे सूत्र फळ्यावर लिहितो आणि त्यालाच नियम म्हणतो.

खुद्द ओहमची सावधगिरी या संदर्भात पाहण्याजोगी आहे. तत्कालीन घटांचा दाब प्रयोग चालू असतानाच ढळत असे. म्हणून १८२६ मध्ये पोगेनडॉर्फच्या सूचनेवरून त्याने बिस्मथ व तांबे यांचे तापविद्युत युग्म वापरले; एक सांधा उकळत्या पाण्याच्या तापमानाला, दुसरा बर्फात. ‘भौतिक अवस्था कायम असताना’ हे आपल्याकडे पाठ करून घेतले जाणारे शब्द या दक्षतेचीच आठवण देतात. उदाहरणे सोडविताना मात्र ते पहिल्याच ओळीत गळून पडतात.

याची झळ प्रयोगशाळेत अधिक लागते. विजेरीचा छोटा दिवा घेऊन वाचने घेणाऱ्या विद्यार्थ्याला प्रारंभी रोध पाच ओहम व अखेरीस वीस ओहम मिळतो, आलेख वाकतो. जर्नलमध्ये ‘सरासरी रोध’ असा रकाना आखलेला असतोच. विद्यार्थी मग निमूटपणे सरासरी काढतो किंवा, याहून वाईट म्हणजे, आलेख सरळ यावा म्हणून वाचने ‘दुरुस्त’ करतो. प्रस्तुत लेखकाने अशा ‘दुरुस्त’ जर्नलांवर स्वाक्षऱ्या केलेल्या आहेत, हे येथे नमूद करणे भाग आहे. खरे वाचन पुसून अपेक्षित वाचन लिहिण्याचा पहिला धडा विद्यार्थ्याला विज्ञानाच्याच तासाला मिळतो.

नवशिक्यासाठी सुलभीकरण अपरिहार्य असते, हा आक्षेप येथे घेतला जाईल. तो मान्य करूनही उदाहरण बदलता येते. २२० व्होल्ट, १००० वॅटच्या हीटरमधील नायक्रोमची तार तापली तरी तिच्या रोधात फारच थोडा फरक पडतो, तेथे ४८.४ ओहम हा आकडा निम्म्या दाबालाही जवळजवळ तसाच टिकतो आणि २५० वॅट हे उत्तर विश्वासाने देता येते. गणित तेच, वस्तू तेवढी निराळी. पंख्यासारख्या प्रत्यावर्ती धारेवरील यंत्राला नुसता गुणाकार पुरत नाही, तेथे शक्तिगुणांक घ्यावा लागतो. ते प्रकरण वरच्या वर्गासाठी ठेवता येईल.

दिव्याचे उदाहरण टाकून द्यावे असेही नाही. प्रश्नाचा उत्तरार्ध एवढाच बदलावा : प्रत्यक्ष शक्ती २५ वॅटहून अधिक भरेल की कमी, आणि का?