एका गाण्यामागची दहा गाणी

अरीथा फ्रँकलिनचं नाव काढलं की 'रिस्पेक्ट' हेच गाणं पुढे येतं. महिला दिनाला ते लावतात, मैत्रिणी एकमेकींना पाठवतात, आणि 2021 साली 'रोलिंग स्टोन' मासिकाने सर्वकालीन उत्तम पाचशे गाण्यांची यादी केली तेव्हा तेच पहिलं आलं. मलाही आवडतं. पण मार्च 1967 मध्ये ज्या तबकडीवर ते आलं, तिच्यावर अकरा गाणी आहेत आणि तबकडीचं नाव दुसऱ्याच गाण्यावरून ठेवलंय: 'आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन द वे आय लव्ह यू'. बाकीच्या दहा गाण्यांचं काय झालं, असं विचारावंसं वाटतं.

आधी या संगीताच्या नावाबद्दल. 'सोल' म्हणजे आत्मा. आपल्या बायका हा शब्द ऐकून लगेच द्रव्यसंग्रह उघडतील, म्हणून सांगते, की हा आत्मा चांगलाच संसारात गुंतलेला आहे. काळ्या लोकांच्या चर्चमधलं गाणं, टाळ्या, एकीने म्हणायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं, हे सगळं तसंच ठेवून शब्द मात्र नवरा-बायकोचे, प्रियकराचे घातले की झालं सोल. आपल्याकडे नेमकं उलटं. पर्युषणात सिनेमाच्या चालीवर स्तवन म्हणतो आपण, आणि एखाद्या आजी नाक मुरडतात. तिकडेही नाकं मुरडली जात. अरीथा तर डेट्रॉइटच्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चच्या धर्मोपदेशकाची मुलगी. पण वडिलांनीच, सी. एल. फ्रँकलिन यांनी, तिला या वाटेवर पाठबळ दिलं.

सहा वर्षं ती कोलंबिया कंपनीत गात होती. व्हायोलिनांचा ताफा मागे, गाणी छान छान, आवाज मोठा. पण तिची ओळख काही होईना. मग अटलांटिक कंपनीच्या जेरी वेक्सलरने तिला पियानोवर बसवलं. मला या सगळ्या गोष्टीत हे फार महत्त्वाचं वाटतं. भजनी मंडळात स्वतः पेटी वाजवत गाणारी बाई बघा. श्वास कुठे घ्यायचा, कुठे थांबायचं, ओळ किती ताणायची, ते तिचं तीच ठरवते, तबलेवाला तिच्या मागून येतो. या तबकडीवर अरीथाचं तसंच झालंय.

जानेवारी 1967 मध्ये हे ध्वनिमुद्रण अलाबामातल्या मसल शोल्सच्या फेम स्टुडिओत सुरू झालं. वादक सगळे गोरे. पहिल्या दिवशी शीर्षकगीत पुरं झालं, दुसरं गाणं अर्धं राहिलं, आणि तिच्या नवऱ्याचं एका वादकाशी, मग रात्री हॉटेलवर स्टुडिओच्या मालकाशी वाजलं. नवरा, टेड व्हाइट, तिचा व्यवस्थापकही होता. दुसऱ्या दिवशी जोडपं निघून गेलं. बेत आठवड्याचा होता, पदरात पडलं ते दीड गाणं. पुढे त्या वादकांना न्यूयॉर्कला बोलावून बाकीचं केलं.

आता ते शीर्षकगीत ऐका. माणूस खोटारडा आहे, वाईट वागतो, हे सगळं तिला ठाऊक आहे आणि तरी तिचा पाय निघत नाही. ती रडत नाही, तक्रारही करत नाही, नुसतं कबूल करते. आणि हीच बाई पहिल्या गाण्यात मान मागते! लोकांनी मान मागणारी तेवढी उचलली. ते गाणं मुळात ओटिस रेडिंगचं, 1965 चं; कमावता पुरुष घरी येऊन आपला मान मागतो. अरीथाने तेच बाईच्या तोंडी घातलं, बहिणींना मागे घेतलं, आणि त्या शब्दाचं एकेक अक्षर सुटं करून म्हटलं. ओटिसच्या गाण्यात ते नव्हतं. जून 1967 मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि काळ्या लोकांच्या हक्कांच्या चळवळीने, मग स्त्रियांच्या चळवळीने ते आपलं मानलं. ते योग्यच झालं. (तिथल्या कायद्यात रेडिओवर गाणं वाजलं तर पैसे ते रचणाऱ्याला मिळतात, गाणाऱ्याला नाहीत. मानाच्या त्या गाण्याचे रेडिओचे पैसे ओटिसकडेच गेले.)

पण मला त्या दोन गाण्यांना वेगळं करणं पटत नाही. घरात मान मागणारी आणि घर न सोडणारी, या दोन बायका नसतात. आपल्या आया, मावश्या, आपण स्वतः. सकाळी एकीचं तोंड, रात्री दुसरीचं. 'डॉ. फीलगुड'मध्ये ती आपल्या सुखाबद्दल निःसंकोच बोलते, 'डू राइट वुमन, डू राइट मॅन'मध्ये हिशोब शांतपणे मांडते: बाई सरळ वागायला हवी असेल तर पुरुषाने आधी सरळ वागावं. मसल शोल्सला अर्धं राहिलेलं गाणं हेच. नवऱ्याच्या भांडणाने अडलेलं हे गाणं तिने न्यूयॉर्कला पुरं केलं. पियानो तिचा, मागे सूर बहिणींचे. 1969 साली त्या दोघांचा घटस्फोट झाला.

सगळंच काही उंचीचं नाही. 'गुड टाइम्स' मला हलकंच वाटतं, नसतं तरी चाललं असतं. पण शेवटी सॅम कुकचं 'अ चेंज इज गॉना कम' येतं. कुक आधी चर्चमध्येच गात असे, अरीथा त्याला ओळखत होती, आणि 1964 च्या डिसेंबरमध्ये तो गोळी लागून गेला होता. ती सुरुवातीला एका जुन्या मित्राची आठवण स्वतःच्या शब्दांत घालते आणि मग त्याचं गाणं सुरू करते. कुकच्या मागे मोठा वाद्यवृंद होता. इथे तिचा पियानो पुढे आहे. आवाज ती बराच वेळ धरून ठेवते. बाहेरचा न्याय आणि घरातला न्याय, दोन्ही ती एकाच सुरात मागतेय असं मला दर वेळी वाटतं, आणि मी तबकडी पुन्हा पहिल्यापासून लावते.